आक्काच्या डोळ्याचा फोटो

हे मी सांगते आहे आणि आमचे हे लिहून घेताहेत. माझ्या उजव्या डोळ्याला आता समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. डाव्याला दिसतो, पण तो इंजेक्शनांवर टिकून आहे. लिहिताना दोन ठिकाणी हे थांबले आणि म्हणाले, "एवढं कशाला सांगतेस लोकांना?" मी म्हणाले, तेवढंच सांगण्यासारखं आहे, बाकीचं डॉक्टर सांगतात.

वाकडी चौकट

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. कालव्यांचे, चाऱ्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचं काम. तीस वर्षं केलं. रेघ केसाएवढी हलली तरी मला टेबलावरून उठायच्या आधी कळायचं.

निवृत्तीनंतर सहा-सात वर्षांनी, गारखेड्याच्या आमच्या घरात, एका सकाळी तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. तो डोळा दाबून धरला आणि न्हाणीघराच्या दाराकडं पाहिलं. चौकटीला मधेच पोक आला होता. वाळवी लागली असं वाटून मी हात फिरवला. लाकूड सरळ होतं. डावा डोळा उघडल्यावर चौकटही सरळ झाली.

मी कुणाला सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मुलगा पुण्याला, सून नोकरी करणारी. एका घरात एका वेळी दोन दुखणी नकोत, असा हिशेब मी मनाशी केला. वर स्वतःला सांगितलं की मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. असे सात महिने गेले. तोवर वर्तमानपत्रातल्या ओळीच्या मधल्या दोन-तीन अक्षरांवर राखाडी बोट टेकवल्यासारखं दिसायला लागलं होतं.

निळी चांदणी

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून बाकावर बसवतात. तासभर सगळं धूसर. मग शबाना नावाच्या मुलीनं मला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. फोटो काढायचं काम तिच्याकडं होतं. हनुवटी एका खोबणीत, कपाळ पट्टीला टेकवून.

"आंटी, समोर निळी चांदणी दिसती ना? बस तिच्याकडं बघायचं. हिलू नका. पापणी नका मारू."

डाव्या डोळ्याला चांदणी लगेच दिसली. उजव्याला नाही. मी शोधायला गेले की ती सरकायची. शबाना दोनदा म्हणाली, "आंटी, चांदणीकडं." तिसऱ्यांदा ती गप्प बसली आणि तिचं तिनं यंत्र फिरवून फोटो घेतला. तिच्या त्या गप्प बसण्यावरून मला अंदाज आला.

डॉक्टर मॅडमनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा उभा छेद, करड्या थरांचा. माझ्या ओळखीचंच काम वाटलं ते. जमिनीचा छेद आम्ही असाच काढायचो, वर माती, खाली मुरूम, खाली दगड. डाव्या डोळ्याच्या चित्रात थर सरळ होते, फक्त तळाशी बारीक उंचवटे. उजव्याच्या चित्रात मधोमध डोंगर उठला होता आणि त्याच्या खाली काळं पाणी.

"हे पाणी आणि थोडं रक्त आहे," मॅडम म्हणाल्या. "वयामुळं पडद्याचा मधला भाग झिजतो. तुमच्यात झिजेबरोबर नको त्या रक्तवाहिन्याही वाढल्यात. इंजेक्शन देऊ. पण उशीर झालाय, काकू. या डोळ्याचं गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही."

"इंजेक्शन कुठं?" यांनी विचारलं.

"डोळ्यात."

हे खुर्चीत मागं टेकले. मी पडद्याकडंच बघत होते. मग मॅडमनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "घरात कुणाला असा त्रास? आई, भाऊ, बहीण?"

आक्काचं नाव ओठावर आलं होतं. मी म्हणाले, "नाही."

यांनी माझ्याकडं वळून पाहिलं.

पाचोडचा वटा

आक्का माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. पाचोडला दिलेली. मोसंबीची बाग, चांगलं खातं-पितं घर. मला आक्कानंच खांद्यावर वागवून वाढवलं.

ही त्या तपासणीच्या अकरा वर्षं आधीची गोष्ट. आक्का तेव्हा साठीच्या पुढं होती. "मला दिसंना," म्हणायला लागली. तालुक्याला नेऊन चष्मा बदलला, मोतीबिंदूही काढला. तरी तिचं तेच. तांदूळ निवडायला दिले की खडे तसेच राहायचे. पाहुणे आले की ओळखायची नाही, सरळ तोंडाकडं बघून गप्प. आणि तीच आक्का अंगणाच्या कोपऱ्यात वाळवणावर कोंबडी आली की बसल्या जागेवरून हाकलायची. वाटेत पडलेली बादली चुकवून चालायची. तिची सून रेखा मला फोनवर म्हणाली, "मावशी, आत्याबाईंना पायजे ते दिसतंय बगा. कामापुरतंच दिसत नाय."

मी शिकलेली, शहरातली, सरकारी नोकरीतली. निवाडा करायला मला बोलावलं. दुपारी सगळे वट्यावर बसले होते. दाजी म्हणजे आक्काचे मालक, त्यांचे भाऊ, चुलत जाऊ, शेजारच्या दोन-तीन बाया, रेखा. मी आक्काच्या तोंडासमोर तीन बोटं धरली.

"किती?"

"दिसत नाय गं."

"नीट बघ."

"कुसे, हातच दिसत नाय तुझा. बोटं कशी मोजू?"

आणि त्याच दमात ती डावीकडं हात करून ओरडली, "अगं रेखा, दूध उतू चाललंय!"

दारातून आतला गॅस दिसत होता. दूध खरंच वर आलं होतं. सगळे हसले. दाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. मला त्या हसण्याचा जोर चढला.

"आतलं दूध दिसतं अन् नाकासमोरची बोटं दिसत नाहीत? आक्का, नाटकं बंद कर आता. शोभत नाही या वयात."

आक्का उठली, भिंतीला हात लावत आत गेली. त्या दिवसापासून तिनं डोळ्यांचं नाव काढलं नाही. मला वाटलं, मात्रा लागू पडली.

टेबलावर

पहिल्या इंजेक्शनाची भीती ज्यांना वाटते आहे त्यांना सांगते, सुई दिसत नाही. डोळा बधिर करतात, तोंडावर हिरवं कापड टाकतात, पापण्या एका चिमट्यानं उघड्या ठेवतात. "वर बघा," असं कुणीतरी म्हणतं. दाबल्यासारखं वाटतं आणि काळे थेंब शाईसारखे पसरत जातात. सगळं मिळून चहा पिण्याएवढा वेळ. पण आदल्या दोन दिवसांत जेवण जात नाही ते जातच नाही. मला सहाव्या इंजेक्शनालाही गेलं नाही.

एक परिचारिका होती, नाव शेवटपर्यंत कळलं नाही. कापडाखालून माझा हात तिच्या हातात असायचा. ती काही बोलायची नाही. बाकी लोक "काही होत नाही, काही होत नाही" म्हणायचे, त्याचा फार राग यायचा.

दर महिन्याला तेच. सकाळी थेंब, बाक, शबानाची खोली, चांदणी, मॅडमचा पडदा, मग टेबल. डोंगर थोडा बसला, पाणी आटलं, पण त्या जागी व्रण उरला. चौथ्या महिन्यानंतर मॅडम उजव्याबद्दल बोलायच्या थांबल्या आणि डाव्याबद्दलच बोलायला लागल्या.

घरी मी चिडकी झाले होते. कपात चहा ओतताना अंदाज चुकून बाहेर सांडायचा. कुणी अचानक समोर आलं की दचकायचे. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, एक डोळा चांगला आहे ना? मग पॉझिटिव्ह राहा." एकदा मी फोन ठेवून दिला. हे मधल्यामधे अडकले. गुडघा धरून जिना चढायचे, माझी औषधं आणायचे आणि माझंच ऐकून घ्यायचे.

फ्रिजवर चौकटींचा एक कागद चिकटवलेला असतो. रोज एक डोळा झाकून दुसऱ्यानं तो बघायचा, रेघा वाकल्या की पळत दवाखान्यात यायचं. एका सकाळी मी डावा डोळा झाकून उजव्यानं बघत उभी होते. हे समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या गळ्याखाली सदरा दिसत होता, कडेनं कान दिसत होते, चेहऱ्याच्या जागी करडा ढग.

"मी दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"तोंड नाही दिसत." आणि मग मी म्हणाले, "गॅलरीत कबुतर शिरलंय बघा, हाकला."

हे गॅलरीकडं वळले. कबुतर होतं. ते परत माझ्याकडं वळून साधेपणानं म्हणाले, "तेवढ्या लांबचं कबुतर दिसतं, मग मी कसा दिसत नाही?"

मी खाली बसले. फ्रिजला पाठ टेकवून तिथंच फरशीवर बसले. त्यांना वाटलं चक्कर आली. ते पाणी आणायला गेले तोवर मी तोंडात पदर कोंबून रडले. मधलं जातं आणि कडेचं राहतं, हे मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चित्र काढून सांगितलं होतं. तरी चार महिने मी ते आक्कापर्यंत पोचू दिलं नव्हतं.

दुरुस्ती

त्या दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. माझ्यासारख्यांचा चांगला राहिलेला डोळा ठरावीक काळानं तपासायचा, त्याचे थरांचे फोटो जुळवून बघायचे आणि कुठले उंचवटे पुढं बिघडतात, कुठले तसेच राहतात, हे शोधायचं. मॅडमनी विचारलं, तुमचे फोटो वापरू का. मी हो म्हणाले. सहीची जागा शबानानं बोटानं दाखवली.

"सख्ख्या नात्यातल्यांचेही फोटो मिळाले तर फार उपयोग होतो," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडं तर कुणाला नाही म्हणालात."

"खोटं सांगितलं मी," मी म्हणाले. "बहीण आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी वट्यावरचं सगळं सांगितलं, तीन बोटांसकट. त्यांनी मला बोल लावला नाही. फक्त म्हणाल्या, "घेऊन या त्यांना. लवकर."

पाचोडला जायला मला तीन आठवडे लागले. एस.टी.नं दीड तासाचा रस्ता आहे. तीन आठवडे मी कारणं काढली.

आक्का बाजेवर बसली होती. दाजींना जाऊन चार वर्षं झाली होती. ती वाळली होती. मी समोर उभी राहिले, काही बोलले नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "कोण हाय?"

"मी कुसुम."

"ये. बस."

मी तिला माझ्या डोळ्याचं सांगितलं. चौकट, सुई, करडा ढग. ती मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मधीच धुकं अन् कडंनं सगळं मोकळं?"

"हो."

"लई वंगाळ हाय ते," आक्का म्हणाली. "तुला नव्हतं व्हायला पायजे."

मला ती चार शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शबानाची खोली

दोन दिवसांनी आक्काला घेऊन दवाखान्यात गेलो. रेखाही आली. थेंब घातले, बाकावर बसलो, मग आत. आक्काची हनुवटी खोबणीत ठेवताना शबानानं तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

"आजी, निळी चांदणी दिसती का?"

"नाय."

"मधोमध बघा."

"मधोमधच तं काय दिसत नाय, बाई."

शबाना लगेच म्हणाली, "हां, बरोबर आहे आजी. तुम्हाला नाही दिसणार ती. थांबा, माझा हात बघा, कानाकडं. हा दिसतो?"

"ह्यो दिसतो."

"बस. त्याच्याकडंच बघत राहा."

काहीच विचारलं नाही त्या पोरीनं. दिसत नाही म्हटलं, तिनं मानलं, हात बाजूला धरला. आक्काचे ओठ थरथरले. शबाना म्हणाली, "आजी, हिलू नका."

मॅडमच्या पडद्यावर आक्काचे दोन्ही डोळे लागले. थर मधेच विस्कटलेले, एक जाड पांढुरका पट्टा आणि त्याच्या खाली काहीच धड नाही. दोन्हीत तेच. माझा उजवा डोळा त्यापुढं बरा म्हणायचा.

"जुने व्रण आहेत," मॅडम म्हणाल्या. "इथं आता इंजेक्शनाचा उपयोग नाही."

मी विचारलं, "अकरा वर्षांपूर्वी आणलं असतं तर?"

त्यांनी पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "तेव्हाचा फोटो आपल्याकडं नाही, काकू. तेव्हा आत काय होतं, किती वाचलं असतं, मी नाही सांगू शकत."

"थोडं तरी?"

"कदाचित. मी तुम्हाला खोटं बोलणार नाही."

रेखा भिंतीकडं तोंड करून उभी होती. आक्कानं मॅडमच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"बाई, मला जे दिसत नाय, ते तुमाला त्या यंत्रात दिसतं व्हय?"

"दिसतं, आजी. तुम्हाला मधलं का दिसत नाही ते इथं स्पष्ट दिसतंय."

"म्हंजी खोटं नाय."

"अजिबात नाही."

"मग मला द्या तो फोटो."

मॅडम जरा अडखळल्या. "आजी, तो तुम्हाला…"

"मला नाय पाह्यचा. घरी दाखवायचाय."

शबानानं फोटो छापून, पाकिटात घालून आक्काच्या हातात दिला. येताना गाडीत आक्कानं तो मांडीवर उभा धरला होता. मुडपू दिला नाही.

त्यानंतर

हे वाचणाऱ्यांच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, जे चेहरा ओळखत नाही पण कोपऱ्यातली मांजर हाकलतं, तर त्याच्यासमोर बोटं धरू नका. त्याला त्या यंत्रापुढं बसवा. आणि ज्यांना हा आजार निघाला त्यांनी आपल्या भावाबहिणींची नावं खरी सांगा. मला सांगायचं होतं ते एवढंच.

माझा डावा डोळा पुढच्याच वर्षी बिघडला. अभ्यासाच्या फोटोत थराखाली पाण्याची बारीक रेघ आली होती. मला काहीच जाणवलं नव्हतं, फ्रिजवरच्या रेघाही सरळ होत्या. त्याच आठवड्यात इंजेक्शन सुरू झालं. म्हणून यांचं तोंड मला अजून दिसतं. किती दिवस, ते मॅडमही सांगत नाहीत, मी विचारायचं सोडलं आहे.

आक्काला परत तपासायला बोलावलं होतं. ती आली नाही. मी न्यायला गेले तेव्हा रेखानं वट्यावर सतरंजी घातली होती. फोटो आतल्या भिंतीवर, दाजींच्या तसबिरीखाली लावलेला होता. रेखानं चहा आणला. आता ती कप आक्काच्या हातात देऊन मगच हात सोडते. शेजारच्या दोघी येऊन बसल्या. मला वाटलं, हीच वेळ. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आक्का, त्या दिवशी इथंच मी तुला खोटं पाडलं. माझं चुकलं. तू खरं सांगत होतीस."

आक्कानं कप खाली ठेवला.

"तव्हा वट्यावर कोण कोण व्हतं, कुसे?"

मी नावं घेतली. दाजी. त्यांचे दोन्ही भाऊ. चुलत जाऊ. रेखा. शेजारच्या.

"त्यातलं आज कोण हाय?"

मी बघितलं. रेखा होती. शेजारच्या दोघी नव्यानं राहायला आलेल्या होत्या.

"तुझे दाजी जाईस्तोवर मला नाटकी म्हणायचे," आक्का म्हणाली. "लेकराला सांगायचे, तुझ्या आईचं ऐकू नको, तिच्या बहिणीनंच तिला पकडलं. मरायच्या दिशी पाणी मागितलं त्यांनी. माझ्या हातून तांब्या त्यांच्या तोंडाला नाय लागला, गालावर सांडला. तव्हाबी म्हणले, मुद्दाम करती."

तिचा आवाज चढला नव्हता.

"रेखाला कळलं. तुला कळलं. त्या डाक्टरीणबाईला कळलं. त्यांना आता कोण दाखवणार तो फोटो?"

तिनं हात पुढं करून चाचपला, माझा गुडघा सापडला, त्यावर हात ठेवला आणि ठेवून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "जा आता. तुझी गाडी चुकंल."